मासे मागाहून, आधी रेती

मासे पाळायचे म्हटले की आपण सगळ्याजणी आधी मासेच बघतो. कुणाचा रंग उठून दिसतो, कुणाची शेपटी लांब, कुणाची जोडी छान. पोत न बघता नुसत्या पदरावर भाळून साडी घ्यावी, तसंच हे. पेटीच्या तळाला काय घालायचं, याची आठवण दुकानदार पैसे मोजून घेताना करून देतो, आणि मग आपण घाईघाईने निळ्या-गुलाबी खड्यांच्या दोन पिशव्या उचलतो. मी तेवढ्या पिशव्या उचलल्या नाहीत. पैसे वाचवायला गेले, आणि तेच अंगाशी आलं.

आमचं गाव किन्हीराजा. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं, सोयाबीन-तुरीचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेही मराठी आणि इतिहास. तेव्हा शास्त्रातलं मला फार कळतं असा दावा मी करणार नाही. घरात हे, दोन मुलं, सासूबाई आणि मामाजी. दोन वर्षांपूर्वी मामाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दोन विहिरी खणल्या, स्वतःच्या घराचा पाया उभं राहून भरून घेतला, तो माणूस बैठकीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघू लागला. बोलले तरी शब्द ओठातच विरघळतात. सुरुवातीला आम्ही कान देऊन ऐकायचो. नंतर नंतर, खरं सांगते, नुसती मान हलवायला लागलो.

मुलगी पाचवीत गेली तेव्हा तिला वाढदिवसाला मासे हवे होते. ह्यांनी अकोल्याहून २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच काचेची पेटी आणली. दोन एंजल आणि चार निऑन टेट्रा आणले, पाण्यात राहणारी थोडी झाडंही आणली. पेटीत खरी झाडं लावायची, प्लास्टिकची नाहीत, हा हट्ट माझा. लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय बघितलं होतं, तेव्हापासून पाण्यात डुलणारी हिरवी पानं डोळ्यांत बसली होती. झाडं लावायची तर मुळांना रेती हवी. (आमच्याकडे वाळूला रेतीच म्हणतात, म्हणून इथे मीही रेतीच लिहिते.) मागच्या अंगणात न्हाणीघराच्या बांधकामातून उरलेला ढीग होताच. दोन घमेली भरून आणली, चार पाण्यांनी धुतली आणि पसरली पेटीत.

मी रेती पसरत असताना मामाजी खुर्चीतून काहीतरी बोलत होते. मला वाटलं, पाणी मागताहेत. पेला भरून दिला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा तेच बोलले. मी म्हटलं, "हो मामाजी, छान दिसतंय ना?" आणि कामाला लागले.

संध्याकाळी मासे सोडले. सकाळी सहाही मासे तळाला पडलेले. मुलगी रडली नाही. तिने पेटीच्या दिव्याची वायर काढली, बटण बंद केलं आणि शाळेत निघून गेली. त्या दिवशी डबा तसाच परत आला.

दुपारी सासूबाई म्हणाल्या, "ते कालपासून सिमेट सिमेट म्हणून राहिले. मले वाटलं, तुले समजलं असंन."

सिमेंट! बांधकामाच्या जागी रेती आणि सिमेंट शेजारी शेजारीच कालवतात. फावडं एकच, पत्रा एकच. ढिगाच्या तळाला सिमेंटचा करडा चुरा बसलेला असतो, तो डोळ्यांना रेतीसारखाच दिसतो. सिमेंट पाण्यात गेलं की त्यातून चुना सुटतो आणि पाणी एकदम चुन्याच्या निवळीच्या वळणावर जातं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून मी रंग बदलणारा कागद आणला. शेतीच्या पत्रकांत ज्याला सामू म्हणतात आणि पुस्तकात पीएच, तो मोजायचा कागद. साध्या, ना आंबट ना खारट पाण्यात तो हिरवा राहतो. आमच्या पेटीतल्या पाण्यात गर्द निळा झाला. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतोच. पाण्याचा सामू ७ च्या आसपास असला, तर त्यातला बराचसा भाग फारसा बाधत नाही. सामू जसजसा चढतो, तसतसा तोच अमोनिया विषारी रूप घेतो. म्हणजे आमच्या माशांना दुहेरी मार बसला.

त्या रात्री मी मामाजींच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. "मामाजी, चुकलं माझं. आता रेती कोणती घेऊ, तुम्हीच सांगा," म्हटलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग डावा हात पुढे केला, तळवा वर करून. बोलले ते एवढंच, "आनून दाखव."

आणून दाखवली. तीन ठिकाणची रेती, तीन ताटल्यांत.

पहिली आमच्या शेताजवळच्या नाल्यातली. आपल्या या भागाचा सगळा खडक काळा पाषाण, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, भूगोलाच्या पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. नाल्याच्या रेतीत त्याचे काळे-करडे कण, अधूनमधून गारगोटीचे चमकते तुकडे आणि पांढरट, खडूसारखे दाणे. दुसरी कन्हानची. ह्यांच्या एका मित्राच्या घराचं काम सुरू व्हायचं होतं, त्याच्याकडे ट्रक नुकताच रिकामा झाला होता आणि सिमेंटचं पोतं अजून उघडलं नव्हतं. ही रेती पिवळसर, स्वच्छ, हातात घेतली की साखरेसारखी सुळसुळते. त्यात मुख्य भाग गारगोटीचा. तिसरी खदानीवरची चुरी, म्हणजे गिट्टी फोडताना पडणारा दगडाचा चुरा.

मामाजींनी प्रत्येकीची चिमूट तळव्यावर घेऊन अंगठ्याने चोळली. नाल्यातल्या रेतीने हातावर मातीचा पट्टा उमटला. चुरीने हात पांढुरका झाला आणि तिची टोकं बोचली. कन्हानची रेती चोळून झटकली, तर हात कोरा. ओली करून मूठ दाबली आणि सोडली, तर तिचा लाडू टिकला नाही, भुरकन सुटला. जिच्यात माती असते तिचा लाडू तसाच राहतो. गवंडी हीच परीक्षा करतात, हे मला त्या दिवशी कळलं. घर बांधून चौदा वर्षं झाली, मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

हाताची परीक्षा माती सांगते, चुना सांगत नाही. त्याला स्वयंपाकघरातली परीक्षा आहे. काचेच्या वाटीत दोन चमचे कोरडी रेती घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. पण बारकाईने बघावं लागतं. वाटी कानाजवळ धरा. बारीक चरचर ऐकू आली, बुडबुडे उठले, तर त्या रेतीत चुनखडी आहे. हा बुडबुडा सोड्यात लिंबू पिळल्यावर येतो तोच. नाल्यातल्या रेतीतले पांढरे दाणे असे फसफसले की मुलगी, जी आठवडाभर पेटीकडे फिरकली नव्हती, ती वाटी बघायला आली. कन्हानची गप्प राहिली. चुरीही जवळजवळ गप्प. न्हाणीघर धुवायचं ॲसिड मात्र यासाठी वापरू नका. ते जोरकस असतं हे खरं, पण त्याच्या वाफा आणि शिंतोडे घरात मुलंबाळं असताना नकोतच.

याहून खात्रीची, पण धीराची परीक्षा अशी. बरणीत मूठभर धुतलेली रेती आणि वर पेटीत भरणार तेच पाणी. शेजारी दुसऱ्या बरणीत नुसतं पाणी. चार दिवस ठेवा आणि दोन्हींत तो रंगाचा कागद बुडवा. दोन्हीकडे रंग सारखाच आला, तर रेती निरुपद्रवी.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चुनखडीची रेती म्हणजे सिमेंटसारखं विष नव्हे. ती पाण्याचा जडपणा हळूहळू वाढवते आणि सामू ८ च्या आसपास नेऊन ठेवते. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना जड पाणीच मानवतं. वालिस्नेरिया नावाची रिबिनीसारख्या लांब पानांची वनस्पती त्यात मजेत वाढते. पण निऑन टेट्रा, एंजल यांसारखे दक्षिण अमेरिकेच्या मऊ पाण्यातले मासे आणि पुष्कळशी नाजूक झाडं अशा पाण्यात झुरतात. आपल्याकडे बोअरचं पाणी मुळातच जड. डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, ते हेच. त्यात आणखी चुना कशाला घालायचा? म्हणून मी नाल्याची रेती बाजूला ठेवली. तुमच्या घरी गोडं पाणी असेल आणि गप्पीच पाळायचे असतील, तर तीसुद्धा चालेल. नीट धुऊन.

दाणा केवढा हवा, हे मला इंचात आणि मिलिमीटरमध्ये सांगितलं असतं तर कळलं नसतं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, एक ते दोन मिलिमीटर. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. मैद्यासारखी किंवा बारीक रव्यासारखी रेती दाबून बसते. तिच्यातून पाणी फिरत नाही आणि मुळं गुदमरतात. साबुदाण्याएवढे खडे घातले, तर माशांचं खाणं फटींतून खाली जाऊन कुजतं आणि बारीक मुळांना पकड मिळत नाही. जाडा रवा ते लापशी, या दोहोंच्या मधला दाणा झाडांना मानवतो. पिठाच्या चाळणीतून जे खाली पडेल ते टाकून द्या. वर राहिलेलं गव्हाच्या चाळणीतून गाळा. त्यातून खाली पडेल ते आपलं. चाळण्या मात्र जुन्या घ्या, नाहीतर माझ्यासारखं सासूबाईंचं ऐकून घ्यावं लागेल.

रंगाचंही सांगते. पांढरीशुभ्र रेती दुकानात फार देखणी दिसते, पण तिच्यावर प्रत्येक घाण उठून दिसते आणि पांढऱ्या तळावर मासे फिके पडतात. स्वतःला लपवायला तेही रंग कमी करतात. करड्या, पिवळसर, मातकट तळावर त्यांचा रंग खुलतो. रंगवलेल्या खड्यांविषयी माझं मत चांगलं नाही. खुशाल वेगळं मत ठेवा, पण निदान एक खडा दोन दिवस पाण्यात ठेवून रंग जातो का तेवढं बघा. आणि चुरी? ती घातली तर चालते. पण तिची धारदार टोकं तळाला तोंड खुपसून खाणाऱ्या माशांच्या मिशांना इजा करतात, आणि तिची भुकटी धुता धुता नको होतं.

रेती किती लागते? मागच्या बाजूला तीन इंच आणि पुढे दोन, म्हणजे सरासरी अडीच इंच धरा. आमच्या २ फुटी पेटीला १७-१८ किलो कोरडी रेती लागली. घनफुटात मोजली तर अर्ध्या घनफुटाहूनही कमी. रेती ब्रासने विकतात, आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा रेतीवाल्याकडे जाऊन "पेटीसाठी हवी" म्हटलं, तर तो हसेल. ओळखीच्या बांधकामावरून, सिमेंट यायच्या आधी, दोन घमेली मागून आणणं बरं. नदीनाल्याची रेती हे सरकारी गौण खनिज आहे, परवान्याशिवाय ती उपसता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि वजनाचा विचार आधी करा! रेती, पाणी आणि काच मिळून आमची पेटी पाऊणशे किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या लटपटत्या टेबलावर ती ठेवू नये. शेवटी आम्ही ती धान्याच्या जुन्या लाकडी पेटाऱ्यावर ठेवली, मामाजींच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. अर्धी बादली रेती, वर पाणी, तांदूळ धुतो तसं हात घालून घुसळायचं आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं. दहा-बारा वेळा तरी. पाणी नितळ आलं की थांबायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची किती ओढ असते ते वेगळं सांगायला नको. एका पेटीसाठी पंधरा बादल्या ओतणं म्हणजे डोळ्यांदेखत पाप. म्हणून मी आषाढ लागेपर्यंत थांबले. पागोळ्यांखाली बादल्या ठेवल्या, त्या पाण्याने रेती धुतली आणि धुवण कढीपत्त्याला आणि शेवग्याला घातलं. साबण, निरमा, फिनेल यांचा थेंबही रेतीला लागू देऊ नये. धुतलेली रेती कडक उन्हात वाळवली की आणखी चांगलं.

आता झाडांचं. रेती स्वच्छ, हे तिचं सुख आणि तेच तिचं दुःख. गारगोटीच्या रेतीत झाडांसाठी अन्न असं काहीच नाही. ती मुळांना धरून ठेवते, जेवू घालत नाही. माशांची विष्ठा हळूहळू मुरून खत होतं, पण त्याला महिने लागतात. दुकानात खताच्या गोळ्या मिळतात, त्या रेतीत खोचायच्या असतात. मला त्या महाग वाटल्या. शेतातल्या युरियाची चिमूट किंवा शेण घालायचा विचार मनात आला असेल तर आत्ताच काढून टाका. पाण्यात अमोनिया होऊन मासे जातील.

मग माती? अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड या बाईंनी १९९९ साली पाण्यातल्या बागेवर एक पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत अशी की तळाला इंचभर साधी, खत न घातलेली माती आणि तिच्यावर इंचभर रेती किंवा बारीक खडीचं पांघरूण. माती जेवू घालते, रेती तिला झाकून ठेवते. ही कल्पना आणखी जुनी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला होता. काचेच्या भांड्यात तळाला चिखल आणि रेती, थोडे दगड, त्यात वालिस्नेरिया, दोन सोनेरी मासे. पुढे कुजकी पानं खायला त्यांनी गोगलगाई सोडल्या, तेव्हा कुठे ते भांडं पाणी न बदलता टिकलं. आणि त्याच्याही आधी, १८३२ मध्ये, सिसिलीत राहणाऱ्या जान विलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी समुद्री प्राणी जिवंत बघता यावेत म्हणून काचेच्या पेट्या करून घेतल्या होत्या. या बाई मूळच्या शिवणकाम-भरतकाम करणाऱ्या. राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाखसुद्धा त्यांनी केला होता. फिशटँक हे पोरखेळ आहे असं घरात कुणी म्हणालं, तर हे जरूर सांगा. मी सांगितलं.

पण आमची काळी माती पेटीभर घालायचं धाडस मला झालं नाही. ती पाण्यात फुगते, जराशा धक्क्याने गढूळ होते, आणि तिच्यातही चुनखडीचे खडे असतात. इथेही वाट मामाजींनीच दाखवली. कोनाड्यात संक्रांतीची सुगडं पडली होती, त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "त्याच्यात लाव." किती साधी गोष्ट! सुगडं घासून धुतली, रंगवलेली वगळली. अर्ध्या सुगडात तलावाचा गाळ, वाळवून, कुटून, चाळलेला. त्यातही व्हिनेगरचा थेंब टाकून बघितला. वर इंचभर रेती, मध्ये झाड. मग सुगडं पेटीत मांडून त्यांच्याभोवती रेती भरली, ती कडांपर्यंत दिसेनाशी होईतो. माती जिथल्या तिथे राहते. एखादं झाड बिघडलं, तर तेवढंच सुगड उचलून बाहेर काढता येतं.

लावण्याच्या दोन-तीन खुब्या. पेटीत आधी दोन-तीन बोटं पाणी घ्या, रेती ओली असली की खळगा टिकतो. मुळं चिमट्याने आत खोचा, पण वालिस्नेरियाचा पानं फुटतात तो गड्डा रेतीच्या वरच राहू द्या. तो पुरला की झाड सडतं. जावा फर्न आणि ॲन्युबिअस या झाडांची आडवी खोडं तर रेतीत घालायचीच नाहीत, दोऱ्याने दगडाला बांधायची. क्रिप्टोकोरीन लावलीत, तर पंधरा दिवसांत तिची पानं विरघळल्यासारखी होतील. घाबरून उपटू नका, मूळ जिवंत असतं, नवी पानं येतात. या झाडाच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत रेती-गोट्यांमध्ये मूळ धरून राहतात, म्हणून मला त्याचं कौतुक जास्त. (तिथून उपटून मात्र आणू नयेत.) मग पाणी भरताना रेतीवर ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा, नाहीतर केलेलं सगळं उधळेल. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घ्यावं.

आणि मग थांबा. हे सगळ्यांत अवघड. नव्या रेतीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात, ते दाण्यादाण्यावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. आम्ही श्रावणात झाडं लावली. मुलगी रोज शाळेतून आल्यावर विचारायची, "आज?" आणि मामाजी मान हलवायचे, नाही. गणपती गेले, नवरात्र बसलं, तरी नाहीच. माशांशिवायची पेटी म्हणजे देवाशिवायचं देवघर, असं हे म्हणायला लागले. पण झाडांनी तोवर मूळ धरलं. वालिस्नेरियाने रेतीखालून आडवे धुमारे सोडले आणि दर बोटभर अंतरावर नवं रोप वर आलं. मामाजी ती रोपं मोजायचे. सकाळी चहा झाला की पहिला आकडा. नऊ, अकरा, चौदा. आकडे त्यांच्या तोंडून हळूहळू स्पष्ट यायला लागले. की आम्हीच नीट ऐकायला लागलो होतो, कोण जाणे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मासे सोडले. या वेळी गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याचे लोक साठलेल्या पाण्यात सोडतात ते. दिसायला साधे, पण आमच्या जड पाण्याला तेच खरे. पहिल्यांदा चारच सोडले. मुलीने दिव्याचं बटण स्वतः लावलं.

एक भीती मध्ये वाटून गेली, तीही सांगते. महिन्याभरात काचेतून रेतीच्या खालच्या थरात काळे डाग दिसायला लागले. एका कोपऱ्यात काडीने डिवचलं, तर बुडबुडा आला आणि सडक्या अंड्याचा वास. रेती जिथे खोल आणि दाबून बसते, तिथे हवा पोचत नाही आणि असा वायू तयार होतो. मुळं जिथे पसरतात तिथे हे सहसा होत नाही, कारण मुळं आपल्याबरोबर प्राणवायू खाली नेतात. काही जाणकार म्हणतात, हात लावू नका. मला ते पटलं नाही. झाडं नसलेल्या कोपऱ्यात मी पाणी बदलायच्या आधी विणकामाची सुई हळूच चार ठिकाणी खोचते, एका वेळी एकच कोपरा. त्या कोपऱ्यातली रेतीही दीड इंचावर आणली. वास गेला. पाणी आठ-दहा दिवसांनी पाव भाग बदलते, आणि ते जुनं पाणी तुळशीला घालते. रेतीवरची घाण बारीक नळीने ओढून घ्यायची, पण नळी रेतीत न खुपसता बोटभर वर धरायची. नाहीतर रेतीच बादलीत येते.

खाणं चिमूटभरच. हे रेतीशी जोडलेलं आहे म्हणून लिहिते. जास्तीचं खाणं शेवटी रेतीतच जाऊन बसतं, आणि वरून रेती कितीही छान दिसली तरी खाली कुजतच राहतं.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या मुलालाही आता पेटी हवी आहे. वालिस्नेरियाची तीन रोपं मी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. त्या उठायला लागल्या, तसे मामाजी खुर्चीतून काहीतरी बोलले. वहिनींना कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"रेती कुठची घालणार, विचारताहेत," मी म्हटलं.

वहिनी पुन्हा खाली बसल्या.